माझी बोटं आणि श्रुतिकाची पांढरी साडी

२ एप्रिल, सकाळी, चहा झाल्यावर

आजपासून रोजनिशी. सांगणार मी, लिहिणार सून संध्या. वाचणार कोणी नाही. मले तर अक्षरच येत नाही, म्हणजे माझ्याकडून पक्की गुप्त राहीन. संध्याले बजावलं, मी सांगीन तेच लिहायचं, आपल्या मनचा मसाला टाकायचा नाही. ती हौ म्हणाली. लवकर म्हणाली, म्हणून संशय आहे.

कारण असं. माझ्या नातीचं, श्रुतिकाचं लग्न ठरलं. पोरगा राजेगावचा लोकेश. तारीख ११ मे. आपल्या बौद्धांच्या लग्नात नवरीले पांढरी साडी. लाल-हिरवी असती तर कोणीबी रंग पाहून उचलली असती. पांढऱ्यातून पांढरं निवडाले बोटं लागतात. ते माझ्याजवळ आहेत. माझा बाप वारासिवनीले मागावर बसे, मी त्याच्या बाजूले बसो. संध्यानं विचारलं, आई, तुम्ही विणलं का कधी? म्या म्हटलं, हलवायाच्या पोरीले जिलबी कशी असते ते शिकवा लागते का?

संकल्प: दुकानात डोळे मिटून, नुसत्या बोटानं, श्रुतिकाची साडी मीच निवडीन. रेशीमच. दुसरं कोणी हात लावायचा नाही.

६ एप्रिल, रविवार

सराव. श्रुतिकानं माझ्या डोळ्यावर दुपट्टा बांधला आन् एकेक कापड हातात देलं.

पहिलं: म्या म्हटलं मलमल. बरोबर! पनीर बांधायचं फडकं निघालं.

दुसरं: म्या म्हटलं रेशीम. छत्री निघाली. छत्री रेशमाची नसते हे मले माहीत आहे. उघडून देली असती तर लगेच ओळखली असती.

तिसरं: म्या म्हटलं मखमल, आन् चांगली महागाची. मखमल उठून चालली गेली. शेजारच्या गोदाबाईची मांजर होती.

गुण: तीनपैकी दोन. मांजर खरंच मखमली आहे, तिचा एक धरला.

९ एप्रिल, दुपारी

गोदाबाई मांजर शोधत आली, तिनं एक युक्ती सांगितली. धागा जाळून पाहायचा. सुती असन तर कागदाचा वास, पॉलिस्टर असन तर वितळून मणी होते, रेशीम असन तर जळक्या केसाचा वास.

हेमराजची, म्हणजे माझ्या पोराची, नवी पॅन्ट घेतली. लग्नात घालाले शिवली होती. धागा एकच काढला. तो लांब निघाला. निघतच राह्यला. एका पायाची शिलाई घुडग्यापर्यंत उसवली, पण विद्येपुढं शिलाई काय चीज.

मेणबत्तीवर धरला. वास आला केसाचा! म्या घरभर जाहीर केलं, हेमराजची पॅन्ट असली रेशमाची आहे, टेलर येडा, त्याले समजलंच नाही. संध्या धावत आली आन् माझ्या कपाळावर पाणी मारलं. म्हणे, आई, केस तुमचेच जळून राह्यले.

युक्ती चुकीची आहे. गोदाबाईले अर्धवट माहिती द्यायची सवय आहे.

१४ एप्रिल, जयंती

आमचं सारं बालाघाट शहर पांढऱ्या कपड्यात. अशी शाळा वर्षातून एकदाच भरते. रॅलीत चालता चालता एकवीस जणांचे कपडे चिमटीत धरून तपासले. लिनन, कॉटन, रुबिया, एक खादी. कोणी नाही म्हटलं नाही. कोणाले विचारलंबी नाही.

शेवटी चौकात एका पोलिसाची बाही धरली. तो म्हणे, अम्मा, ये क्या कर रही हो? म्या म्हटलं, बेटा, टेरीकॉट है. तो म्हणे, हाँ, है तो.

ही सरकारी साक्ष झाली. संध्या, मोठ्या अक्षरात लिही.

गोदाबाई म्हणे, पोलिसाची वर्दी टेरीकॉटची असते हे कुत्र्यालेबी माहीत आहे. जळते माझ्यावर.

१९ एप्रिल

राजेगावून फोन. लोकेशची आजी, दुर्गाबाई. आता माझी ईनबाई. चौथी पास आहे, आन् चौथी पास आहे हे दर फोनात सांगते. म्हणे, शेवंताताई, तुम्ही काहून त्रास घेता, साडीच्या काठावर लिहिलंच असते, मी वाचून घेईन.

मले लागलं. जलमभर हेच ऐकलं. बसची पाटी वाचून घेतो, औषधाची बाटली वाचून घेतो, शेवंताबाई तुम्ही बसा. म्या म्हटलं, ईनबाई, काठ खोटं लिहू शकते, पोत खोटं बोलत नाही. डोळे मिटून नाही निवडली, तर निवडायचा मान तुमचा. तुमच्या हातची साडी नेसून पोरगी पंचशील घेईन.

ती म्हणे, ठरलं. फार लवकर म्हणाली.

फोन ठेवला तर संध्यानं डोक्याले हात लावला होता. श्रुतिका मात्र जवळ आली. म्हणे, आजी, मले तुझ्याच हातची साडी पाह्यजे, फक्त जाड नको, मे महिना आहे. म्या म्हटलं, पोरी, तू साडी नेसलेली आहेस हे तुलेच कळणार नाही. संध्या म्हणे, हे वाक्य नीट नाही. तसंच राहू दे.

२६ एप्रिल

तयारी पूर्ण. बोटं नाजूक राहावी म्हणून आठ दिवस लसूण सोलला नाही, भांडं घासलं नाही, रोज खोबरेल चोळलं. संध्याचं मत मी लिहू देत नाही.

२७ एप्रिल, रविवार, वारासिवनीवून आल्यावर

काय झालं ते सरळ सांगते.

जाताना बसची सीट ओळखली. रेक्झिन. सुरुवात चांगली होती.

दुकान टिकाराम शेठचं. खाली जाड गादी, तिच्यावर पांढरी चादर. एका टोकाले मी, दुसऱ्या टोकाले दुर्गाबाई, मधात चहा. शेठनं पांढऱ्या साड्यांचा ढीग टाकला. म्या डोळे मिटले. दुकानातल्या बाया सारं सोडून पाहाले आल्या.

एक जॉर्जेट म्हणून सरकवली. एक ऑर्गेंझा, टोचते म्हणून सरकवली. शेठ चूप होता, म्हणजे बरोबरच असन. आन् मग बोटं थांबली. मऊ. थंड. अंगात मुरलेलं सूत. बापाच्या मागाची आठवण झाली. म्या म्हटलं, हीच! असली रेशीम! अशी साडी साऱ्या जिल्ह्यात दुसरी नाही!

ओढली. आली नाही. चांगल्या कापडाले वजन असते, म्हणून दोन्ही हातानं ओढली. पाच साड्या आल्या, चहा आला, आन् मागून दुर्गाबाई आली, आडवी.

शेठ म्हणे, मौसी, ते विकायचं नाही, आमच्या गादीची चादर आहे.

म्या ताबडतोब म्हटलं, माहीत आहे, तुमच्या मालापेक्षा तुमची चादर बरी, हेच दाखवत होती. श्रुतिका माझ्या मांडीत तोंड खुपसून हासून राह्यली होती, पाठ नुसती थरथरत होती. माझा पोरगा रस्त्यावर जाऊन उभा राह्यला.

कारणं: पंखा जोरात होता. शेठ हिंदीत बोलत होता. चादर साड्यांच्या इतकी जवळ टाकायची नसते.

दुर्गाबाईनं पदर झटकला, चष्मा लावला, एक काठ उलटून वाचला. कोसा रेशीम. श्रुतिकाच्या खांद्यावर टाकली. उठाले जितका वेळ लागला तितकाबी निवडाले लागला नाही. हलकी होती. पोरीले फार शोभली.

संध्या, ही शेवटची ओळ खोड. खोडली का? वाचून दाखव बरं.

११ मे, संध्याकाळी

लग्न चांगलं झालं. श्रुतिका गेली. साडीबद्दल सारे विचारत होते, दुर्गाबाई साऱ्यांले सांगत होती.

जेवण झाल्यावर ती माझ्या बाजूले येऊन बसली. माझ्या लुगड्याचा पदर हातात घेतला. चष्मा घरी राह्यला म्हणे. आजूबाजूच्या बायांच्या समोर, अगदी सरळ मनानं विचारलं, शेवंताताई, तुम्हाले समजते यातलं, हे कोणतं कापड आहे हो?

म्या पदराले बोट लावलं. डोळे मिटले. बायांनी जेवण थांबवलं. मी बराच वेळ चाचपत राह्यली.

मग म्हटलं, पांढरं.