एक टी.सी., दोन शाळा

१७ मे १९७१, सोमवार
आजपासून ओ.टी. सुरू, म्हणजे जादा तास, रविवारसुद्धा. गेटवर नोटीस लागली ती अर्ध्या लोकांनी वाचलीही नाही, सगळ्यांना आधीच ठाऊक होतं. पूर्वेकडून माणसांचे लोंढे येताहेत असं रेडिओ सांगतो आणि इकडे आमच्या फॅक्टरीच्या तपासणी विभागात पेट्यांचा ढीग वाढतो. पेट्यांत काय असतं ते इथेही लिहायचं नाही. मापाचं गेज आत गेलं तर पास, नाही गेलं तर नापास, एवढं लिहायला हरकत नसावी.
शैलाचा आठवीचा बोर्डाचा निकाल महिनाअखेर. ती त्यावर एक शब्द बोलत नाही. तिच्या वाटचं सौ. बोलते.

२९ मे, शनिवार
निकाल लागला. एकोणसत्तर टक्के. गणितात शंभरात चौऱ्याण्णव, संस्कृतात काठावर. घरी मराठी, शाळेत हिंदी, संस्कृत बिचारं राहणार कुठे.
पहिला वर्ग म्हणून रांझीच्या बाजारातून पेढे आणले, क्वार्टरच्या ओळीत वाटले. सौ. खूश. शैलाने एक पेढा खाल्ला आणि विचारलं, एकोणसत्तरात गणित मिळेल का.
प्रश्न बरोबर आहे. आमच्या वसाहतीच्या मुलींच्या शाळेत नववीला कला नाहीतर गृहविज्ञान. गणित शिकायचं तर शहरात जायला हवं, आणि शहरात मुलींना गणित शिकवणाऱ्या धड शाळा दोन. दोन्हीकडे मार्कांवर प्रवेश.

६ जून, रविवार
ओ.टी. अर्ध्या दिवसाची. येताना दोन्ही शाळांचे अर्ज आणले.
एक बड्या फुहाऱ्याच्या चौकाजवळची. कापडाच्या दुकानांच्या मागे, गल्लीत. शिकवतात चांगलं, मैदान नाही. गेल्या वर्षी गणिताची यादी सहासष्टवर थांबली होती. दुसरी छावणीतली. लाल कौलं, प्रयोगशाळा, मोठमोठी झाडं, फौजी अफसरांच्या मुली. तिथली पहिली यादी गेल्या वर्षी त्र्याहत्तरवर थांबली. पण जुलैअखेर अडुसष्टवाल्या मुलींनाही घेतलं, कारण दर पावसाळ्यात अफसरांच्या बदल्या होतात, मुली दाखले काढून जातात, आणि यादी खाली सरकते. जबलपुरात हे ज्याला त्याला माहीत आहे.
सौ.चं मत फुहाऱ्याकडे. रांझीहून सरळ बस आहे, शेजारच्या तिवारींची मुलगी तिथेच जाते. माझं छावणीकडे. प्रयोगशाळेमुळे, असं मी जेवताना सांगितलं. खरं म्हणजे ज्या साहेबांना मी सकाळी सलाम करतो त्यांच्या मुलींच्या बाकावर माझी मुलगी बसावी असं मला वाटतं. रोजनिशीत खोटं कशाला लिहू.
शैलाला विचारलं. म्हणाली, दोन्हीकडे गणित आहे न, मग जी घेईल ती. तिच्या दृष्टीने विषय संपला. पुस्तक घेऊन गच्चीवर गेली.

१५ जून, मंगळवार
माझ्याच विभागातल्या देवपुजारीची बदली रद्द. वर्षभर खटपट करून त्याने नागपूरकडची बदली मिळवली होती, म्हातारे आईवडील तिकडे. ट्रक ठरला होता, नर्मदेवरच्या तिलवाऱ्याच्या पुलापर्यंत पोचवायला आम्ही चौघे जाणार होतो. आज वरून हुकूम आला. परिस्थिती निवळेपर्यंत कोणाच्याच बदल्या नाहीत, आमच्याही नाहीत, फौजेतल्या बिनगरजेच्याही नाहीत. वहिनी रडल्या. मी संध्याकाळी जाऊन त्यांच्या खोक्यांच्या दोऱ्या सोडून दिल्या, भांडी फळीवर लावून दिली. वरवर हळहळलो. आतून मला बरं वाटलं. पत्त्यांचा डाव मोडायचा वाचला.

२ जुलै, शुक्रवार
दोन्ही याद्या लागल्या. फुहाऱ्याला शैलाचं नाव बऱ्यापैकी वर आहे. छावणीची यादी बहात्तरवर बंद. तिथे ती प्रतीक्षेत.
अट अशी की फुहाऱ्याला दहा तारखेपर्यंत टी.सी., म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला, जमा करायची. अस्सल, नक्कल चालत नाही. छावणीची दुसरी यादी चौदाला. टी.सी. एकच असते. एकदा फुहाऱ्याच्या कपाटात गेली की छावणी विसरायची.

५ जुलै, सोमवार
कँटीनमध्ये देवपुजारीशी बोललो. त्यालाही मुली आहेत, त्याला या गोष्टी कळतात. तो म्हणाला, दर वर्षी चार-पाच टक्क्यांनी खाली येतंच, बहात्तरचं सदुसष्ट-अडुसष्ट होणार, शैला आरामात बसते. मीही तेच म्हणत होतो. दोघांनी मिळून कागदावर तीन वर्षांचा हिशेब मांडला. चहाचा दुसरा कप झाला.
घरी सांगितलं. सौ. कणीक मळत होती, हात न थांबवता म्हणाली, “मिळालेलं काहून सोडून राहिले तुम्ही? पोरीला गणित पाहिजे, झाडं नाही पाहिजे.” मी म्हटलं, चार दिवसांचा तर प्रश्न आहे. ती पुढे बोलली नाही. तिचं न बोलणं मी होकारात धरलं.

८ जुलै, गुरुवार
अर्धी रजा काढून फुहाऱ्याच्या शाळेत गेलो. बडी बहनजींना, म्हणजे मुख्याध्यापिकांना, भेटलो. पंधरापर्यंत मुदत मागितली. बाई सभ्य आहेत, खुर्ची दिली, पाणी मागवलं. मग खिडकीकडे बोट केलं. बाहेर व्हरांड्यात पालक उभे होते, काहींच्या शेजारी मुली. म्हणाल्या, “सीट मेरी होती तो रोक लेती, भाईसाहब. दस के बाद जो खड़ी है, उसकी है.”
परत येताना पाऊस. सायकल ढकलत आणली.

१० जुलै, शनिवार
टी.सी. दिली नाही.
शैला सकाळी वेणी घालून, इस्त्रीचा फ्रॉक घालून तयार. आज जायचं होतं न, म्हणाली. तिला कोणी सांगितलंच नव्हतं. मी समजावलं, चौदापर्यंत थांबू, छावणीची जास्त चांगली. ती म्हणाली, अच्छा. फ्रॉक बदलून आली.

१४ जुलै, बुधवार
दुसरी यादी. बहात्तरचं एकाहत्तर झालं. एक टक्का.
माझा विश्वास बसेना. खिडकीवरच्या बाबूला विचारलं, बाकीची कधी लागेल. तो हसला नाही, चांगला माणूस आहे. म्हणाला, “बाकी कहाँ से लगेगी साहब? इस साल कोई जा ही नहीं रहा. ट्रांसफर बंद हैं.”
मला हे ठाऊक होतं. ट्रक रद्द झाला तेव्हा मी तिथे होतो. दोऱ्या मी सोडल्या. देवपुजारीची तर स्वतःची बदली थांबली होती आणि त्याच माणसाने माझ्यासमोर बसून बदल्यांमुळे उतरणारे टक्के मोजले. आम्ही दोघे दिवसभर सुताएवढी चूक पकडतो, त्याचा पगार घेतो.
लाज वाटली. अजून वाटते आहे.

१५ जुलै, गुरुवार
तरी फुहाऱ्याला जाऊन आलो. शैलाची जागा सोमवारीच गेली. बडी बहनजींनी या वेळीही खुर्ची दिली.
सौ.ला सांगितलं. तिने “मी म्हटलं होतं” असं म्हटलं नाही. म्हटलं असतं तर बरं झालं असतं. शैला दाराशी उभी राहून ऐकत होती, हे मला नंतर कळलं.

१९ जुलै, सोमवार
शैला वसाहतीच्या शाळेत, नववी गृहविज्ञान. टी.सी. तिथे जमा केली, तिथे ती कोणी मागितलीही नव्हती. छावणीच्या प्रतीक्षायादीत नाव आहे, बाबूने लिहून घेतलं. त्याचा उपयोग नाही.
पहिल्या दिवशी काय शिकवलं विचारलं. काज करायला. दाखव म्हटलं तर दाखवलं. नीट होतं.

८ ऑगस्ट, रविवार
फुहाऱ्यावरून जुनी बीजगणित-भूमितीची पुस्तकं आणली, नववीची. ओ.टी.हून आल्यावर रोज थोडं शिकवायचं ठरवलं. दोन दिवस मी शिकवलं. तिसऱ्या दिवसापासून ती पुढचं स्वतःच सोडवून ठेवते आणि मी फक्त बरोबर-चूक पाहतो. माझ्याशी गणितापुरतंच बोलते. बाकी सगळं आईशी.

३ ऑक्टोबर, रविवार
तिमाही परीक्षेत शैला गृहविज्ञानात वर्गात पहिली. बाईंनी मुद्दाम निरोप पाठवला, मुलगी गुणी आहे. सौ.ने गोडाचा शिरा केला. मला वाईट वाटलं, पण शिरा खाल्ला.
देवपुजारी आता या विषयावर बोलत नाही. पत्ते पिसत राहतो. एकदा म्हणाला, मी पण सांगायला नको होतं यार. मी म्हटलं, कागद तर माझाच होता.

४ डिसेंबर, शनिवार
काल रेडिओवर लढाई जाहीर. खिडक्यांना काळा कागद लावला. शैलाने मोजून कापला, एक कपटा वाया गेला नाही. आता बारा तासांची पाळी. रजा बंद.

१७ डिसेंबर, शुक्रवार
जिंकलो. गेटवर लाडू वाटले, लोक नाचले, मीही टाळ्या वाजवल्या. आपण पास केलेला माल तिथे कामी आला असं साहेब भाषणात म्हणाले. त्या क्षणी अभिमान वाटला, हेही लिहून ठेवतो. घरी आलो तर सौ.ने खिडक्यांवरचा कागद फाडायला सुरुवात केली होती.

५ जानेवारी १९७२, बुधवार
छावणीच्या शाळेचं कार्ड आलं. नववी गणितात एक जागा रिकामी होते आहे. प्रतीक्षेतल्या वरच्या मुली दुसरीकडे रुळल्या, त्या नको म्हणाल्या. येऊन भेटा.
सौ. देवापुढे साखर ठेवून आली. शैला शाळेत होती. मी म्हटलं, आधी पाहून येतो, मग सांगू. पुन्हा तिला काही नसतं सांगायचं नाही.

६ जानेवारी, गुरुवार
पाळी बदलून घेतली आणि गेलो. तोच बाबू. खिडकीवर माझ्यापुढे एक बाई, बरोबर शैलाच्या वयाची मुलगी. बाबूने मला हाताने थांबायला सांगितलं. त्यांचं काम झाल्याशिवाय माझं होणार नव्हतं.
टी.सी. काढत होते. बाबूने दोनदा शाई टिपली. कारण काय लिहू, असं त्याने विचारलं नाही, काहीतरी लिहिलं. बाईंनी सही केली. मुलीने विचारलं, प्रॅक्टिकलची वही परत मिळेल का. कोणीतरी आणून दिली. माझ्या बाजूने जाताना बाई म्हणाल्या, “माफ कीजिए, आपको देर हुई.”
त्या गेल्यावर बाबू म्हणाला, मेजर साहब नहीं रहे, घरवाले गावी जाताहेत. मग माझ्यासमोर अर्ज सरकवला. सोमवारपर्यंत भरून द्या, बिटिया की टी.सी. साथ में.
जुलैत मी याच खिडकीसमोर उभा राहून मनातल्या मनात म्हणत होतो, कोणीतरी जावं. कोणी का होईना.
अर्ज घेतला. नको म्हणणं मला जमलं नाही.

७ जानेवारी, शुक्रवार
सौ.ला सगळं सांगितलं. ती म्हणाली, आपण नाही घेतली तर दुसरी कोणी घेईल, ती रिकामी थोडीच राहणार आहे. खरं आहे. मग म्हणाली, पोरीला बदली झाली म्हणून सांगा. हेही मला पटत आलं होतं. कामावर दिवसभर वाक्य तयार करत होतो. एक पेटी दोनदा तपासली.

८ जानेवारी, शनिवार
संध्याकाळी शैलाला सांगितलं. जागा मिळते आहे म्हटल्यावर तिचा चेहरा उजळला, जुलैपासून तसा पाहिला नव्हता. मग तिने विचारलं, मधेच कशी काय. मी बदली म्हणायला तोंड उघडलं आणि खरं तेच सांगितलं. खिडकीचं, वहीचंही सांगितलं.
ती खाली बसली. मग म्हणाली, “तिला तिकडे गणित भेटेल का, बाबा?”
मी म्हटलं, माहीत नाही. गाव कोणतं तेही विचारलं नव्हतं.
सौ. आतून आली, म्हणाली, आता त्याचा काय विचार करायचा, बाबा सोमवारी सकाळी टी.सी. काढून आणतील. मीही मान हलवली, घाईघाईने.
शैलाने अर्ज माझ्या हातातून घेतला, वाचला, घडी करून आपल्या दप्तरात ठेवला. “तुम्ही नका काही ठरवू,” ती म्हणाली. “परसों मी सांगते.”
मी बरं म्हणालो. आत्ता ती पलीकडच्या खोलीत आहे. दिवा चालू आहे, पानं उलटल्याचा आवाज येत नाही.