निळ्याचं काम निम्म्यावर

प्रिय विशाखा,

सप्रेम जय भीम.

तू इकडून परत गेलीस त्याला बरेच दिवस झाले आणि मी आता कुठं कागद घेऊन बसलोय. उशीर झाला, रागावू नकोस. फोनवर मला बोलणं जमत नाही. तू विचारतेस जेवलात का, मी हाव म्हणतो, तेवढ्यात तुझी आई फोन ओढून घेते. सातवी शिकलेला माणूस मी. जन्मभर दुकानांचे बोर्ड रंगवले, म्हणजे दुसऱ्यानं सांगितलेलं लिहिलं. मनातलं लिहायची सवय नाही. आपल्या गल्लीतली बुद्धप्रिया उद्या तुमच्या नांदेडला परत निघाली आहे, तिच्याजवळ देतो. सोबत जवसाची चटणी आहे. डब्याचं झाकण सैल आहे, पिशवी आडवी करू नकोस म्हणून तिला सांगितलंय. तिनं ऐकलं की नाही कोण जाणे.

इकडं सगळं बरं आहे. तुझ्या आईचा गुडघा दुखतो, पण डॉक्टरकडं चल म्हटलं की लगेच बरा होतो. आपल्या रेणापुरात नळाला पाणी कधी येईल याचा भरवसा नाही. मला झोप कमी झाली आहे. काही विशेष नाही, वय.

तुझा फ्लेक्स लागला होता. क्लासच्या भुजंग सरांनी तुझा शिकवण्याचा डेमो झाल्या झाल्या लातूरच्या चौकात लावून टाकला. तुझा फोटो, मागं आग ओकणारी बाटली, आणि नाव लिहिलेलं डॉ. विशाखा. मी ते दोनदा वाचलं. अजून पीएच.डी.ची पदवी हातात नाही, कुणी तक्रार केली तर? तसाच वर क्लासमध्ये गेलो आणि सरांना म्हटलं, तेवढं ‘डॉ.’ काढा. ते हसले. म्हणाले, अण्णा, लातुरात त्याच्याशिवाय पालक जिना चढत नाहीत. तुझी आई मात्र ऑटो करून बघायला गेली, आणि ऑटोवाल्याला उतरवून फोटो दाखवला. गल्लीत पेढेही वाटले. शेजारच्या सरजाबाई म्हणाल्या, पोरगी सुटली एकदाची त्या बाटल्यांतून. मीही मान हलवली. तुझा निरोप आला तेव्हा मलाही बरंच वाटलं होतं. तू म्हणाली होतीस, अण्णा, दमले, आता संशोधन सोडते, विनोददादाला क्लासमध्ये बोलायला सांगा. लेक घराजवळ येणार, आणखी काय पाहिजे?

पण गेल्या उन्हाळ्यातलं एक डोक्यातून जात नाही. तू जेवायला बसली होतीस आणि मोबाइलवर काचेची एक बारीक चकती दाखवलीस, तुम्ही बनवलेला पदार्थ लावलेली. निळी पेटली होती. मी म्हटलं, यात काय एवढं? मग तू सांगत सुटलीस. टीव्हीच्या, मोबाइलच्या पडद्यात लाल, हिरवा आणि निळा असे ठिपके असतात. लाल अन् हिरवा खूप टिकतात, निळा आधी मरतो. मला ते पटेना. उन्हातल्या छापील पोस्टरवर लाल-पिवळा आधी उडतो, सगळं पोस्टर निळंच होऊन राहतं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. तू म्हणालीस, अण्णा, तो निळा नुसता अंगावर ऊन घेतो, आमच्या निळ्याला स्वतः उजेड द्यायचाय. त्याला जास्त ताकद लागते आणि त्याच ताकदीनं त्याचा रेणू आतून तुटतो. शिवाय रेणू एकमेकांना चिकटून बसले की उजेड विझतो, म्हणून तू त्यांना बाजूनं जाडजूड हात लावत होतीस, एकमेकांपासून लांब राहावेत म्हणून. हे सांगताना तू भाकरीच्या तुकड्यांनी ताटात मला ते हात काढून दाखवलेस. आमटी गार झाली, हात वाळला. तुझी आई ओरडली, तरी तू उठेनास. मला निम्मं कळलं नाही. पण मी बघत होतो.

नंतर तुझा आवाज उतरत गेला. दरवेळी चकती तपासायला बेंगळुरूला पाठवायची, आणि तिकडून कळायचं की सकाळी पेटवलेला निळा तिसऱ्या प्रहरालाच विझला. तुझे गाईड सर म्हणायचे, रेणूचे हात बदलून बघ. परत तेच. मी तुला विचारायचो, कधी होणार, अजून किती? बापाला दुसरं काय विचारता येतं? आता वाटतं, नसतं विचारलं तर बरं झालं असतं.

डेमोच्या दिवशी मी वर्गात मागच्या बाकावर बसलो होतो. तू छान शिकवलंस. फळ्यावर रेषा सरळ, आवाज खणखणीत, पोरांनी टाळ्या वाजवल्या. घरी आल्यावर आईनं विचारलं कसं झालं, तू म्हणालीस, झालं. ताटातलं सगळं जेवलीस, ताट घासून ठेवलंस आणि भिंतीकडं तोंड करून झोपलीस. दुसऱ्या दिवशी बसमध्ये बसेपर्यंत त्या वर्गाचा एक शब्द तुझ्या तोंडून आला नाही. मी वाट बघत होतो.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते लिहितो. परवा मी, ज्यानं तुझ्यासाठी क्लासमध्ये शब्द टाकला त्या विनोदला न सांगता, भुजंग सरांकडं गेलो आणि म्हटलं, पोरगी येणार नाही, तिचं नाव उतरवा. ते चिडले. म्हणाले, अण्णा, तिनं सांगितलंय का तुम्हीच ठरवलं? मी म्हटलं, “तिचं निळ्याचं काम निम्म्यावर हाय.” त्यांना काय कळणार! मला तरी कुठं नीट कळतंय? काल फ्लेक्स उतरला. विनोद माझ्याशी बोलत नाही, तुझी आई बोलते पण भांड्यांशी. तुला न विचारता केलं, विशाखा. तू दमलीस हे खरं असेल, आणि तुला इकडंच यायचं असेल, तर मी तुझं हातचं काम घालवलं. तसं असेल तर सांग. नवी बॅच सुरू व्हायची आहे, मी त्याच दिवशी जाऊन सरांचे पाय धरतो, मला त्याची लाज नाही. आणि तसं नसेल, तर तेही सांग. फोन नको, फोनवर तू मला बरं वाटावं म्हणून बोलशील. बुद्धप्रिया रविवारी परत येणार आहे. तिच्याजवळ दोनच ओळी दे, पण खऱ्या दे. तोवर माझ्या डोळ्याला डोळा लागणार नाही.

तुझ्या उत्तराची वाट बघणारा,
तुझाच
अण्णा