पेडण्याच्या भाटीवरचं गाऱ्हाणं

१९ एप्रिल १९६३, शुक्रवार

मारून टाकीन त्याला!

कोण, कसा दिसतो – काही ठाऊक नाही. पेडण्याचा आहे, नाव सत्यवान, बापाची काजूच्या फेणीची भाटी – म्हणजे भट्टी – आहे. एवढं पुरे. जानकीला तिथे देणार म्हणे. मे महिन्यात उरकायचं असं गंगारामकाका – म्हणजे तिचे वडील – म्हणालेत.

बातमी गुरुदासने आणली. त्याच्या दुकानात सगळ्या कट्टा गावाच्या बातम्या मीठमिरचीबरोबर मिळतात. सांगून वर हसला. "कॉलेज अर्ध्यार टाकून कोणासाठी इलंस तां आता तरी सांग तिका!"

काय सांगू? जानकीशी अजून एक शब्द बोललेलो नाही. ती समोर आली की जीभ टाळूला चिकटते. भांडायला मात्र सुटते – प्रोफेसरशी, बाबांशी, एस.टी.च्या कंडक्टरशीसुद्धा!

२० एप्रिल

गुरुदास आणि दुसरा दोस्त बाबली केव्हापासून मागे लागलेत. गोवा आता आपला, काजूच्या बोंडूंचा हंगाम आहे, भाटी-भाटी फिरून चव घेऊ. इथे दारूबंदी, तिकडे मोकळं रान. मी नको नको म्हणत होतो. आज म्हटलं, येतो – पण पेडण्याला जायचं.

बाबली बघत राहिला. "पिऊक येतंस की मारूक?"

"दोन्ही!"

२२ एप्रिल, सोमवार

डोकं जड. पण छातीवरचा धोंडा उतरला! कालचं सगळं लिहून ठेवतो.

बांद्यापर्यंत एस.टी., पुढे भाड्याच्या सायकली. पहिल्या भाटीवर हुर्राक – बोंडूच्या रसाची पहिली, हलकी दारू. बाबली ती डोळे मिटून जिभेवर घोळवत होता, जसा काही जन्मभर हाच धंदा केलाय. "गुळमाट आसा," म्हणाला. मला नुसता पिकल्या बोंडूचा आणि धुराचा वास. दुसऱ्या भाटीवर खरी फेणी. घशातून निखारा उतरला! मालक म्हणाला, "पयल्यान तुमका पाणी पाजल्यान. दारू ही!" पहिला मालकही ह्याच्याबद्दल तेच म्हणाला होता.

तिसरी भाटी सत्यवानाच्या बापाची.

खडकात कोरलेल्या खळग्यात गडी उघड्या पायांनी बोंडू तुडवत होते. चुलीपाशी म्हातारा बसलेला, सगळे त्याला दाजी म्हणत होते. "खंयचे रे तुमी?"

"कट्ट्याचे."

म्हातारा टुणकन उठला. "गंगारामान धाडल्यान? घर बघूक इलात?"

मी तोंड उघडायच्या आत गुरुदास – "व्हय तर!" फुकटची मिळेल म्हणून, गाढव!

मग काय, आम्ही मुलीकडचे सोयरे! म्हाताऱ्याने घर दाखवलं, विहीर दाखवली, गाभण गाय दाखवली. गुरुदास गायीच्या पाठीवर थाप मारून म्हणतो, "बरी आसा, पसंत आसा." मी त्याला चिमटा काढला तर माझ्याच हातावर चापट!

शेवटी म्हाताऱ्याने नवी फेणी करवंटीत घेतली. आधी राखणदाराला, म्हणजे जागेच्या देवाला, द्यायची, मग माणसांनी प्यायची. माडाखालच्या धोंड्यावर धार सोडून त्याने गाऱ्हाणं सुरू केलं –

"बा राखणदारा म्हाराजा! आज कट्ट्याचे सोयरे तुज्या दारात इलेहत. ही सोयरीक जुळान येवंदे, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे ओरडले. गुरुदास, बाबली, चिखलपायांचे गडी.

"कोणाची वाकडी नजर आसात तर ती वळसून टाक, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

वाकडी नजर म्हणजे मीच की! घाम फुटला. होय म्हणावं तर मीच देवाच्या तोंडावर जानकीला दिली असं होणार. न म्हणावं तर गाऱ्हाण्यात गप्प राहणारा म्हणजे सरळ वैरी. ओठ घट्ट दाबले. मान वर केली – आणि समोरचा एक माणूसही ओठ दाबून उभा! माझ्याच वयाचा, सदरा धुवट. आमची नजरानजर झाली. दोघेही चोर!

तोच सत्यवान.

मला विहिरीकडे घेऊन गेला. मी मूठ वळलेलीच होती. तो हळूच म्हणतो, "घर पसंत नाय म्हणान सांगशात? पोरगो पिता म्हणान सांगा. व्हयां तां सांगा. माजां म्हापशाक एक जमलांहा, बापाशीक सांगूक माका धीर नाय."

मूठ कुठे गेली कळलं नाही. मी त्याला मिठी मारली! बिचारा घाबरला.

परतताना बांद्यात बाबलीने वास लपवायला सगळ्यांना पेरूची पानं चावायला लावली. इन्सुलीच्या नाक्यावर पोलीस गाडीत चढला. आमची हिरवी तोंडं बघून म्हणाला, "माणसं आहात का शेळ्या?" आणि उतरला. सुटलो!

दोस्त म्हणाले, आता घरी जा, झोप. मला धीर कुठला? दिवेलागणीला थेट गंगारामकाकांच्या ओसरीवर.

"काका, पेडण्याचो झील–" आणि अडलो. पितो म्हणायचं होतं. पण अख्ख्या भाटीवर काल न प्यालेला तो एकटाच होता. त्याच्या तोंडचंच खोटं, तरी माझ्या तोंडातून निघेना. "पोरगो सोन्यासारखो आसा, काका. पण त्याच्या मनात दुसरी आसा. जानकीचो जल्म फुकट जायत."

काकांनी वाकून वास घेतला. "फेणी आणि वर पेरू! तुका कोणी धाडलान रे थंय?"

"कोणी नाय. माजो मीच गेलंय."

आता काठी घेतात असं वाटलं. मग आत बघून काकींना म्हणाले, "गो हौसाबाई, पाणी हाड ह्याका."

आतल्या दाराशी बांगड्या वाजल्या – जानकीच्या!

२७ एप्रिल

काका स्वतः पेडण्याला जाऊन आले. सोयरीक मोडली. म्हातारा आधी तापला, मग मुलाला उभं करून विचारलं, तेव्हा कुठे त्याने तोंड उघडलं म्हणे. शाबास! जेवताना आज दोनदा भात घेतला. आई म्हणाली, "ह्या काय नवीन?"

२९ एप्रिल

जानकी! स्वतःहून! व्हाळाच्या साकवावर, म्हणजे ओढ्यावरच्या पुलावर, थांबवलं मला.

"माज्यासाठी येवढां केलंस. पण माका काय व्हयां तां अजून इचारलंस खंय?"

बरोबर आहे. देवाला विचारलं, पेडण्याच्या पोराला विचारलं, बापाला सांगितलं. हिला नाही! म्हणून विचारलं – माझ्याशी लग्न करशील का? जीभ सुटली एकदाची. ती म्हणाली, चार दिवसांनी सांगते. चार दिवस कसे जाणार?

३ मे

नाही म्हणाली.

बापाने सोयरीक मोडल्या दिवशीच तिने त्यांना गाठलं होतं – आता माका रत्नागिरीक मास्तरणीच्या ट्रेनिंगाक धाडा. ते कबूल झाले. "तुज्यामुळां झालां," म्हणाली. हसलीसुद्धा.

राग येईल म्हणून साकवावर बसून राहिलो. आला नाही.

१० जून

रत्नागिरीची एस.टी. वेळेवर आली. जानकीची ट्रंक टपावर मीच चढवली.