गोठ्यातला जिराफ

वाकोला, नाताळच्या आधीचा आठवडा

प्रिय ममा,

तुमच्या पाया पडते, बेसांव मागते, आणि आशीर्वाद मिळाला असं धरूनच पुढे लिहिते, कारण पत्र वाचून झाल्यावर तुम्ही तो द्याल की नाही याची खात्री नाही. गुडघे कसे आहेत? सिंथिया आणि बाळ बरं ना? बाळाचं नाक तुमच्यावर गेलंय असं तुमचा मेलरॉय सांगत होता (कौतुकाने, हं). फोनच केला असता, पण फोनवर तुमच्या लेकाच्या बायकोला पहिलं वाक्यसुद्धा पुरं करायला मिळत नाही, म्हणून ही चिठ्ठी मेलरॉयच्या हाती वसईला पाठवते.

तर गोठ्याचं सांगायचं होतं. नाताळच्या गोठ्याच्या देखाव्याला तुम्ही आजवर कुणाला हात लावू दिला नाहीत, आणि यंदा लेकीच्या बाळंतपणाला जाताना ‘एव्हलिन, माझी लाज राख’ म्हणून माझ्यावर सोपवून गेलात. मी मनावर घेतलं. माळ्यावरची मूर्तींची पेटी काढली, उघडली, तर गायीला पाय नाहीत, गाढवाला डोकं नाही, आणि मेंढ्यांच्या जागी उंदरांच्या लेंड्या. समोरची अँजेलिना नेमकी दारात. ‘यंदा तुमच्याकडे गोठा नाही वाटतं?’ एवढंच बोलली, पण कसं बोलली ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. माझं डोकंच सटकलं. म्हटलं, विकतचं काही आणणार नाही, पोरांना घेऊन सगळं घरीच बनवते.

वेनच्या वर्गातल्या आयांच्या ग्रुपवर एक शर्मिष्ठा आहे, तिला दुसरा उद्योग नाही. घरातल्या टाकाऊ वस्तूंतून हे करा, ते करा, असे व्हिडिओ रोज टाकते. त्यात गाय आणि गाढव शोधायला गेले, तर निघाली सगळी आफ्रिका: जिराफ, झेब्रा, सिंह. मी म्हटलं, चार पाय ते चार पाय, आधी जिराफ करू, मग मान कापून गाय करू. (सहा वर्षांच्या मुलासमोर जिराफाची मान कापायचं बोलू नये, हे मला आता कळलं.) वेनने असं भोकाड पसरलं की अख्खी गल्ली गोळा झाली. मान राहिली. फॉइलच्या नळ्या, अंड्यांचे ट्रे, जुने पेपर आणि पातेलंभर मैद्याची खळ. त्यातली थोडी धाकटीने खाल्ली, थोडी केसांना लावली. झेब्रा बघून मेलरॉय म्हणाला, हे गाढवच आहे, फक्त पायजमा घातलाय. जिराफ काही गोठ्यात मावेना, तेव्हा छपराला भोक पाडलं. त्याचं मुंडकं आता वर स्टारच्या शेजारी आहे.

रंग जिराफातच संपला. सिंह कोराच राहिला. मी आंघोळीला गेले (आईने आंघोळसुद्धा करू नये का?), आणि तेवढ्यात पोरांनी कपाटातून तुमची बाटली काढली. हो, तीच. मे महिन्यात मिरच्या वाळवून, बायका बोलावून, तुम्ही समोर बसून कुटून घेतलेला बाटली मसाला. सगळा ओल्या खळीवर थापला. पण ममा, देवाशप्पथ सांगते, रंग झकास आला. मला तर रडू फुटलं, मसाल्यासाठीही आणि मसाल्यानेही. सिंह उचलायला गेले तर वेन गोठ्यापुढे आडवाच पडला. म्हणे, नॅना येईपर्यंत राहू दे, नॅना खूप हसेल. तुम्ही हसाल असं मला काही वाटत नव्हतं, पण त्याच्या तोंडाकडे बघून नाही म्हणवेना.

आणि त्याच संध्याकाळी चर्चच्या गोठ्यांच्या स्पर्धेसाठी घरोघरचे गोठे बघत फादर दारात! मागे कमिटीच्या बायका, त्यांच्या मागे अँजेलिना. म्हटलं, लागली वाट. बेथलेहेमात जिराफ कुठून आला, असं फादरनी विचारलं, तर वेन म्हणतो, ‘येशूला भेटायला आलेल्या तीन राजांतला एक आफ्रिकेचा ना? मग तो बर्थडेला रिकाम्या हाताने येईल?’ फादर बाळ येशूची जागा बघायला सिंहाजवळ वाकले, मोठा श्वास घेतला, आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी. बायकांना वाटलं फादरना गहिवरून आलं. मग एकेक करून त्याही वाकल्या, त्याही रडल्या. अँजेलिनाने तर हुंदकाच दिला. पहिलं बक्षीस आपल्याला मिळालं, ममा. तुमची लाज राहिली.

सिंथियाला आठवण सांगा, बाळाचा पापा घ्या, गुडघ्याला तेल लावत जा.

तुमची सून,
एव्हलिन

ता. क. ही कल्पना कुणाची, असं फादरनी विचारलं तेव्हा घाबरून माझ्या तोंडून ‘ममांची’ असं निघून गेलं. रविवारी चर्चमध्ये मिस्सानंतर ते तुम्हाला ‘बाळ येशू आणि आफ्रिका’ यावर बोलायला उभं करणार आहेत. काहीतरी तयारी करून या.

ता. क. दुसरा. नाताळच्या जेवणातल्या इंद्यालला घरात चिमूटभर मसाला नाही. सिंथियाला दिलेल्या बाटल्यांतली एक गोड बोलून परत मागून आणा. मेलरॉयला एवढ्या लांब पाठवलंय ते खरं म्हणजे त्यासाठीच.

ता. क. शेवटचा. बाटली पोरांसमोर बाहेर काढू नका. हत्ती अजून रंगवायचा आहे.