काडतूस भरताना ओ द्यायची नाही

उम्म अल कुवैन,
रविवार दुपार

प्रिय दर्शना,

पाकिटावरचं अक्षर तू ओळखलं असशील आणि फोडू की चुलीत घालू, असा विचारही केला असशील. फोडलंस, बरं केलंस. एकोणीस वर्षांनी लिहितोय, तेव्हा तुझा राग निवळला असेल असं मी मुळीच धरून चाललेलो नाही. फोन करता आला असता. वरच्या वाडीतला परेश हल्ली इकडेच, दुबई सिलिकॉन ओएसिसमध्ये एसी दुरुस्तीला असतो, त्याच्याकडून तुझा नंबर मी केव्हाच घेतला होता. पण फोनवर तू 'बरी आहे, आप्पा बरे आहेत, ठेवते' एवढ्यात मला निकालात काढलं असतंस, आणि मीही हुश्श केलं असतं. मला सांगायचंय ते त्या बंदुकीचं आहे, आप्पांच्या, तुझ्या वडिलांच्या हाताचं आहे. ते लिहून झाल्याशिवाय पाकीट चिकटवायचं नाही असं ठरवून बसलोय. मध्ये इकडचंतिकडचं येईल, ते मला धीर यावा म्हणून. तेवढं चालवून घे.

पहिली अकरा वर्षं शारजात काढली, रोल्ला नावाच्या गजबजलेल्या भागात, एका खोलीत आठ जण आणि एकच खिडकी. तिथून इथे आलो. इथे शांतता आहे. समुद्र चालत जाण्याइतका जवळ आहे, पण आपल्यासारखा अंगावर येत नाही, गरीब आहे बिचारा. वास मात्र तोच आहे. वारा ओला असला की किनाऱ्यावर जाऊन डोळे मिटून उभा राहतो आणि मनातल्या मनात तुमच्या घराकडे चढणाऱ्या घाटीच्या पायऱ्या चढतो. अकरा पायऱ्या, सातवी हलणारी. अजून हलते का गं? नोकरी करतो ती नेमबाजीच्या क्लबात. हवेत मातीच्या बशा उडवतात आणि हौशी लोक छर्ऱ्याच्या बंदुकीनं त्या फोडतात. पुन्हा बंदुकीच्या नळीकडे बघायचं नाही अशी शपथ घेऊन घर सोडलेल्या माणसाला देवानं पोट भरायला जागा दाखवावी ती ही! पहिली दोन वर्षं फुटक्या खापऱ्या आणि रिकामी काडतुसं वेचली. ती रिकामी काडतुसं पुन्हा भरायची एक खोली आहे, परवान्याची, दोन कुलपांची. तिथला कारागीर जहूर, पेशावरकडचा, साठीचा, कमी बोलणारा. मी त्या खोलीच्या दारावरून जाताना मान दुसरीकडे वळवायचो.

गेल्या वर्षी जहूरभाईचा मदतनीस कायमचा गावी गेला. आमचे मॅनेजर हम्मादसाहेब, त्यांनी मला बोलावून विचारलं की हे काम कधी केलंय का. मी नाही म्हणालो, चक्क खोटं. ते म्हणाले, 'नो प्रॉब्लेम हबीबी, जहूर सिखा देगा, यल्ला!' आणि खलास, माझी बदली झाली. पहिल्या दिवशी जहूरभाईनं सगळं समोर मांडलं. यंत्र होतं, काडतुसं प्लास्टिकची होती, आप्पांच्या पितळी काडतुसांशी काही संबंध नव्हता. पण मी बसल्याबरोबर आधी पंचा झटकला, हात पुसले, रिकामी डाव्या बाजूला रांगेनं लावली, आणि एकेक उजेडाकडे धरून आत डोकावून पाहिलं. जहूरभाई बघत राहिला. मग म्हणाला, 'झूठ बोला तू. किसने सिखाया?' आणि माझ्या तोंडून निघून गेलं, 'ससुर ने.' दर्शना, मी हा शब्द ठरवून बोललो नाही. आतून आला. त्यानं विचारलं, मग बायको गावीच असते का, मुलं किती. मी पुढचं काडतूस उचलून उजेडाकडे धरलं.

दारू या शब्दानं माझी किती फजिती केली, ते परेशनं सांगितलं असेलच. मी आईला फोनवर आनंदानं सांगितलं की मला बढती मिळाली, आता दिवसभर दारूच्या खोलीतच असतो. आईनं रडून घर डोक्यावर घेतलं. गावभर झालं की रामेश्वर वाया गेला. तुझ्याही कानावर आलं असणार, पण तू हसली असशील याची मला खात्री आहे. तुमच्या घरात दारू म्हणजे बंदुकीतली, दुसऱ्या दारूला जागाच नव्हती.

तुमची पडवी मला इथल्या कुठल्याही खोलीपेक्षा जास्त स्पष्ट दिसते. भात पोटरीला आलं की रानडुकरांच्या भीतीनं आप्पा परवान्याची एकनळी बंदूक काढायचे, आणि एखाद्या रविवारी दुपारी काडतुसं भरायला बसायचे. दिवसाउजेडीच, आणि विडी-काडी उंबऱ्याबाहेर. मला सोबत घ्यायचे, ते मला काही येत होतं म्हणून नाही. जावई पारखून घेत होते, हे तुलाही कळत होतं आणि मलाही. पितळी माप होतं, छोटं, टोपणाएवढं. त्यांचा नियम: दारू ओतली की माप पालथं ठेवायचं. उताणं माप म्हणजे ओतायचं आहे, पालथं माप म्हणजे ओतून झालं. दुसरा नियम, भरताना कुणी हाक मारली तर ओ द्यायची नाही. दारात देव उभा राहिला तरी आधी माप पालथं, मग ओ. घरात सगळ्यांना माहीत होतं, म्हणून त्या वेळी कुणी हाक मारायचंच नाही.

त्या रविवारी तू मारलीस. तुला आठवणारही नाही. तू आजोळाहून आठ दिवसांनी परतली होतीस, मागल्या दारानं आत आलीस, आम्ही भरायला बसलोय हे तुला ठाऊक नव्हतं. माझ्या चपला दिसल्या असतील. माजघरातून तू 'रामेश्वर!' म्हणालीस, आणि मी ओ दिली. आप्पा तेव्हा परसात गेले होते. मी माप नुकतं रिकामं केलं होतं, ते तसंच हातातून खाली ठेवलं आणि उठलो. उताणं ठेवलं. तू तांब्याभर कोकमाचं सरबत दिलंस, आठ दिवसांचं बोललीस, तुझ्या केसांत अबोली होती. परत येऊन बसलो, माप उताणं दिसलं, मी पुन्हा ओतलं. एवढंच झालं. छर्रे घालून वर पुठ्ठ्याची चकती बसवताना ती नेहमीपेक्षा वर आली. हेही मी पाहिलं, दर्शना. पाहिलं, आणि अंगठ्यानं दाबून तिच्यावर मेण लावलं, कारण माझं सगळं लक्ष माजघरात वाजणाऱ्या तुझ्या बांगड्यांकडे होतं.

पुढचं तुला माहीत आहे. दुसऱ्या दिवशी पहाटे मळ्यात नळी फाटली आणि आप्पांच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली. कुडाळच्या दवाखान्यात ते शुद्धीवर आले आणि पहिलं वाक्य बोलले, की माझेच डोळे गेले, माप दोनदा ओतलं मी. मी खाटेच्या पायाशी उभा होतो. बोलायला तोंड उघडलं आणि त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली, नको अशी. वेदनेनं हलवली की मला गप्प केलं, हे मी एकोणीस वर्षं ठरवतोय. काडतुसं निम्मी त्यांनी भरली होती, निम्मी मी. मेण लावताना माझ्या अंगठ्याचा ठसा उठायचा, यावरून ते मला नेहमी चिडवायचे. त्यांना कळलं नसेल? मी तीन महिने रोज उद्या सांगतो म्हणत राहिलो. त्यांनी बंदूक जमा केली, मळ्यात जायचं सोडलं, चष्म्याचे नंबर बदलत राहिले. तुमच्या पडवीत बसून ते बघणं मला जमेना. व्हिसा आला आणि मी पळालो. लोक म्हणाले, होणाऱ्या अधू सासऱ्याचं ओझं नको म्हणून गेला. मी म्हणू दिलं, कारण खरं त्याहून वाईट होतं. आणि तुला सांगितलं असतं, तर तू स्वतःच्या हाकेला दोष देत बसली असतीस. असं मी स्वतःला समजावलं. ही शुद्ध पळवाट होती. तुझ्या हाकेचा काही दोष नाही, ती हाक ऐकायला मी अजून तडफडतो. माप मी उताणं ठेवलं.

आता का लिहितोय ते सांगतो. गेल्या रविवारी परेश गावाहून रजा संपवून आला आणि आप्पांनी दिलेली पुरचुंडी माझ्या हातात ठेवून गेला. मला वाटलं कोकमाची सोलं असतील. आत ते पितळी माप होतं, चिंचेनं लख्ख घासलेलं, आणि निरोप तोंडी: रामेश्वराक सांग, तो ह्याच काम करता असा मी आयकलंय, माझ्या हातून चुकला, तुझ्या हातून चुकूक नको. परेशनं सहज म्हणून आणखी सांगितलं, की आप्पांना आता डोळ्यांनी दिसत नाही, आणि तू अजून त्याच घरात आहेस. मी आठ दिवस ते माप खिशात घेऊन हिंडतोय. दर्शना, हे पत्र पडवीत बसून आप्पांना मोठ्यानं वाचून दाखव. अबोलीचं आणि बांगड्यांचं गाळायचं तर गाळ, पण माप कुणी दोनदा ओतलं ते दोनदा वाच. त्यांचे डोळे त्या दिवशी चांगले होते, हे त्यांना डोळे असेपर्यंत कुणी सांगितलं नाही. यानंतर त्यांनी मला शिव्या घातल्या तर त्या घ्यायला मी येईन. हम्मादसाहेब रजेला इन्शाल्ला म्हणालेत. पण तुमच्या घाटीच्या पायऱ्या मी आपण होऊन चढणार नाही, तो हक्क मी गमावलाय. तू एकदा, फोनवर का होईना, नाव घेऊन बोलाव. आप्पांचं माप समोर खिडकीत आहे, पालथं ठेवलंय. आता हाक मार, मी ओ देईन.

तुझाच,
रामेश्वर