चमच्याच्या पाठीवर नाव

५ जानेवारी, सोमवार

फडताळातला वरचा खण माझा हुता. हे घर बांधलं तवापासून. आज उघडतो तर आत मिलिंदचे चमचे, फडक्यात गुंडाळून, बाळंतिणीवाणी. माझी साणशी, गाळणी, किसणी सगळं खाली बादलीत. नातू असला म्हणून काय झालं, इचारायची रीत हाय का न्हाय?

हात मोडलावता, त्याचं प्लास्टर निघालं. डाक्टर म्हणाला, आजी, रोज चार ओळी लिहा, बोटं मोकळी हुतील. मिलिंदनं कंपनीची डायरी दिली. चौथी शिकलेल्या माणसानं काय लिहायचं? तक्रार लिहितो.

७ जानेवारी, बुधवार

या चमच्यांचं खूळ असं. मिलिंद शिरोलीत फौंड्रीला इंजिनियर. कंपनीनं मागं स्वीडनला धाडलावता. माणसं तिकडनं घड्याळ आणत्यात, चॉकलेट आणत्यात. ह्यानं जुन्या बाजारातनं चमचे आणले. तवापासून नाद लागला. मोबाइलवर बघतो, मागवतो. काटे, सुऱ्या, निळ्या काठाच्या बशा. सगळं माझ्या लग्नाच्या काळात घडवलेलं. चमचे मात्र एकाच जातीचे लागत्यात. दुसरी जात चालत न्हाय.

"आजी, बघ की. एक रेघ जास्त न्हाय."

म्हणलं, "नक्षी काढायचा कंटाळा केला असंल."

सुजाताला हसून ठसका लागला. मिलिंदची बायको. दवाखान्यात नर्स हाय, एरवी हसायला वेळ न्हाय तिला.

म्हणलं, "अरं, दुसऱ्यांनी तोंडात घातलेले हायत ते."

"व्हय. म्हणूनच चांगले."



१० जानेवारी, शनिवार

एक हाय. हात गळ्यात हुता तवा डाव्या हातानं जेवत हुतो. आपला चमचा तोंडापतोर जाईस्तोर आमटी पदरावर. मग सुजातानं त्यातला एक दिला. सांडली न्हाई. मूठ आखूड, तोंड रुंद, वजन मागं. म्हातारीसाठी घडवल्यावाणी.

मिलिंदला सांगितलेलं न्हाय. डोक्यावर बसंल.

१६ जानेवारी, शुक्रवार

माडीवरची खोली झाली. २५ ला बुद्धवंदना आणि जेवण. कबनूरची सुजाताची माणसं, राधानगरीचा माझा भाऊ, गल्ली.

मिलिंद म्हणाला, त्या दिवशी सगळी माझ्या बशांत आणि माझ्या चमच्यांनी जेवणार. कपाटात ठेवायला न्हाई आणलेले.

म्हणलं, "कबनूरचं पावणं मटणाला काटा लावतील व्हय?"

"लावू देत न्हाईतर न्हाई. समोर तर असू दे."

फक्त एक कमी हाय म्हणतो. वाढायचा मोठा चमचा, आपल्या डावाएवढा. सहा वर्षं हुडकतोय. आता कुठं स्वीडनातल्या एका म्हातारीकडं निघाला. ब्रिता नाव. तिच्या आईचा हाय. दुकानदाराला देत न्हाय, काचंत ठेवत्यात म्हणून. ज्या घरात त्यानं जेवत्यात त्याच घरात देणार. ह्याला पत्रावर पत्र लिहून इचारत्या, घरात माणसं किती, भात खाता का पाव. बाई शहाणी वाटली.

२१ जानेवारी, बुधवार

कार्यक्रमात भांडी जात्यात. ज्याला म्हाईत न्हाय त्यानं कधी गाव जेवायला घातलेलं न्हाय. नाव नसलं की चमचा ज्याच्या पिशवीत गेला त्याचा.

म्हणून दुपारी चमच्या-काट्यांची पेटी घेऊन नाव घालायला भांड्याच्या दुकानात गेलतो. मशीनवाला पोरगा न्हवता, मालकच बसला. म्हणाला, "आजी, लई घट्ट स्टील हाय, सुई घसरत्या." म्हणलं, "मग जरा दाबून." पाठीवर घालायला लावलं, फुडं दिसायला नको. म्हणाला, "इथं अगुदर कुणाचंतरी नाव हाय, इंग्रजीत." म्हणलं, "ते कारखान्याचं. त्याला धक्का लावू नकोस. शेजारी घाल."

माझं न्हाई घातलं. सुजाताचं न्हाई. ज्यानं आणले त्याचं. मिलिंद. ठिपक्या-ठिपक्यानं, सुबक आलंय. एकबी सोडला न्हाय.

२२ जानेवारी, गुरुवार

काल सांजच्याला मिलिंदनं पेटी उघडली. एक चमचा पालथा केला. मग दुसरा. मग सगळेच.

ओरडला असता तर बरं झालं असतं. मला भांडता येतंय. खाली बसला आणि म्हणाला, "एक रेघ जास्त नव्हती, आजी."

म्हणलं, "तुझंच नाव हाय की. परक्याचं हाय व्हय?"

"आता ह्याला कोण जुनं म्हणंल? ह्याची किंमत..." चमचे गुंडाळले, पेटी कपाटावर ठेवली, पार मागं.

सुजाता मला म्हणाली, "आजी, इचारायचं तरी." खण घेताना मला कुणी इचारलंवतं?

२३ जानेवारी, शुक्रवार

माझ्या आईला पाटलाच्या सोप्यात चहा मिळायचा. कपबशी वेगळी. वळचणीला खोचलेली. पिऊन, धुऊन, परत खोचायची. तिच्यावर नाव नव्हतं, पण कुणाची ते साऱ्या गावाला म्हाईत.

लग्न झाल्यावर पयला पितळेचा तांब्या घेतला तो नाव घालूनच आणला. नाव असंल तर ते घरातलं. हे मिलिंदला ठावं न्हाय. त्याला इंजिनियर केला, पण हे सांगायचं राहून गेलं. आता सांगायला गेलो तर माफी मागतोय असं वाटंल.

२५ जानेवारी, रविवार

कार्यक्रम चांगला झाला. वंदना झाली, मटण पुरलं. भाऊ म्हणाला, रस्सा तुझ्या हातचा न्हाय. न्हवताच, आचाऱ्याचा हुता.

पेटी कपाटावरच. सुजाताच्या आईनं भर पंगतीत इचारलं, "जावाईबापू, फॉरेनचे चमचे कुठं हायत? आमी त्यासाठी आलो." मिलिंद म्हणाला, "नंतर दाखवतो."

आमचे साधे चमचे लावले. मोजायला बसलो तर कमी भरले. गप बसणं मला जमत न्हाय, पण बसलो.

२९ जानेवारी, गुरुवार

ब्रिताचा निरोप. ८ तारखेला चार वाजता फोन करत्या, चेहरा दिसतो तसला. तुम्ही जेवताना बघायचं हाय म्हणे. मग मोठा चमचा धाडते.

मिलिंद नव्या नवऱ्यावाणी येरझाऱ्या घालतोय. आज माझ्याशी पयल्यांदा बोलला. काय, तर, "त्या दिवशी कुणी चमचा पालथा घालायचा न्हाय."

२ फेब्रुवारी, सोमवार

म्हातारी पक्की हाय. आज लिहिलं, बाजारात नकली लई झाल्यात, पाठीवरचा कारखान्याचा शिक्का दाखवा.

मिलिंद जेवला न्हाय.

मी दुकानात जाऊन आलो. नाव निघंल का इचारलं. मालक म्हणाला, घासून निघंल, पण शेजारचा शिक्काबी जाईल, आणि मळकट झाक हाय ती जाऊन चकाकी येईल. परत आलो. घरात सांगितलं न्हाय.

५ फेब्रुवारी, गुरुवार

तेच त्यानं केलं. एक काटा कंपनीत नेला आणि बफिंगच्या चाकावर घासला. मघाशी आणून टेबलावर ठेवला. नाव न्हाय. शिक्का न्हाय. खानावळीतल्या काट्यासारखा चमकतोय.

सुजातानं उचलून बघितला, खाली ठेवला.

म्हणलं, "आता हा कुणाचाच न्हाय."

मिलिंद म्हणाला, "व्हय."

मग वळचणीची कपबशी सांगितली. लांबण लावली न्हाई, दोन वाक्यात. ऐकून बाहेर गेला. सुजाता म्हणाली, "हे अगुदर का सांगितलं न्हाईसा?" म्हणलं, "इचारलं कुणी?"

७ फेब्रुवारी, शनिवार

मिलिंदचं आता नवीन. उद्या फोन घेत न्हाय म्हणतो. तब्येत बरी न्हाय असं कळवतो. सुजाताला म्हणाला, "तिला काय सांगू? साठ-सत्तर वर्षं जपलेल्या वस्तूवर आमच्या आजीनं मशीन चालवलं?"

सुजाता म्हणाली, "तेच सांगा की."

"चमचा मिळायचा न्हाय."

"नाही मिळाला तर नाही मिळाला."

पोरगी कामाची हाय.

८ फेब्रुवारी, रविवार

सकाळी सुजाताला स्टुलावर चढवून पेटी खाली काढली. चमचे, काटे धुतले. निळ्या काठाच्या बशा मांडल्या. भात, अख्खा मसूर, कांदा. पोळ्या न्हाईत, हात अजून दुखतोय. चमचे सगळे पालथे ठेवलेत. शिक्का आणि नाव, दोनी वर. बफिंगचा काटाबी मांडलाय, मिलिंदच्या ताटाला.

मिलिंदनं बघितलं. मला वाटलं उलटे करंल. बसला. मोबाइल ग्लासाला टेकवून ठेवलाय, हात मांडीवर.

मी सांगून ठेवलंय. ब्रिता चमचा धाडंल न्हाईतर ठेवून घील, तिच्या आईचा हाय, तिची मर्जी. पण चारला फोन वाजला की सुजातानं उचलायचा न्हाय. मला इंग्रजी येत न्हाय, आलं असतं तरी मी उचलला नसता. मिलिंदनंच उचलायचा. आणि हे नाव कुणाचं म्हणून म्हातारीनं इचारलं, तर तेबी त्यानंच सांगायचं.