अंगणातला हौदा

मु. कोरेगाव, जि. सातारा
रंगपंचमीनंतरचा सोमवार, मार्च १९४६

चिरंजीव आकाराम यास आबांचे अनेक आशीर्वाद.

तुझं संक्रांतीचं पत्र वेळेवर पोचलं होतं. उत्तर जातंय ते आता, शिमगा होऊन गेल्यावर. उशीर झाला, रागावू नकोस. पलटणीत आणखी तीन वर्षांची सही करू का, साहेब विचारतोय, असं तू लिहिलं होतंस. मी कितीदा तरी दौत-टाक घेऊन बसलो आणि उठलो. आता सकाळपासून एकच धास्ती लागली आहे की तू वाट बघून सही करून मोकळा झाला असशील. केली नसशील तर हे पत्र पुरतं वाचून होईपर्यंत करू नकोस. केली असशील तर काय, ते मला सुचत नाही. तरी वाच.

तुझी तब्येत कशी आहे? मिसर देशात दिवसा ऊन आणि रात्री कडाक्याची थंडी असते म्हणतात. कान बांधत जा. इकडं ऊस तुटून गेला, म्हैस व्याली. ते सगळं मागाहून लिहीन, आज माझ्याच्यानं धीर धरवत नाही. घाईनं लिहितोय म्हणून अक्षर असं आलंय, मला काही झालेलं नाही. आज सकाळी तुझी आई जमिनीवरून आपली आपण उठली आणि उभी राहिली. मी हात पुढं केला होता, तो तिनं झिडकारला. तुझी धोंडुआत्या साक्षीला होती. ती रडायला लागली आणि मी उगाच अंगणात इकडून तिकडं धावत सुटलो.

तू म्हणशील, बाई जमिनीवरून उठली, यात लिहिण्यासारखं काय? म्हणून मागचं सांगावं लागतं. दिवाळीनंतर मी तुला दोन पत्रं धाडली. दोन्हींत लिहिलं की आई खुशाल आहे, तुला आशीर्वाद सांगते. आशीर्वाद खरे होते. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी चुलीपुढं बसल्या बसल्या तिचं डावं अंग गेलं. हात लोंबला, पाय ओंडक्यासारखा पडला. बोलणं राहिलं, जीभ जरा जड झाली एवढंच. बाजेवर निजवल्यावर तिनं पहिलं विचारलं ते हे, "आकारामला कळवलं न्हाई न्हवं?"

"न्हाई."

"कळवायचं न्हाई. तिकडं त्याच्या जिवाला घोर नगं. मी उभी ऱ्हाईन तवा लिवा."

मी शब्द दिला. आज तो फिटला, म्हणून हे पत्र.

मधल्या काळात मी काय करून बसलो ते ऐक. तालमीत पोराचा खांदा निखळला की आपण काय करतो? बांधून ठेवतो, तेल चोळतो, दूध-तूप चारतो आणि हलू देत नाही. मी तिचंही तेच केलं. हात छातीशी बांधला, पाय बाजेखाली टाकू दिला नाही. बदाम उगाळले, खारका उकळल्या. उभी थंडी अशी काढली. पौषात धोंडू तिला न्हाऊ घालताना ओरडली म्हणून गेलो, तर डाव्या मांडीवर नुसती कातडी राहिली होती. तोंडावर मात्र तेज. मला काही कळेना.

सांगलीहून तुझ्या नानासोमामाचा निरोप आला, इथं लढाईवरून परतलेला एक डॉक्टर आहे, डोक्याला मार लागलेल्या शिपायांना त्यानं पुन्हा चालायला शिकवलंय. आगगाडीनं घेऊन गेलो. तिला पाठीवर घेऊन डब्यात चढवली. तिनं लाजून डोळे मिटून घेतले होते.

डॉक्टर तुझ्याच वयाचा. त्यानं एका लहानशा हातोडीनं तिच्या डाव्या गुडघ्याखाली टिचकी दिली आणि तो मेलेला पाय टणकन उडाला. मी दचकलोच.

"बघितलंत? पाय जिवंत आहे. बिघाड डोक्यात झालाय. तिथल्या एका जागेला रक्त पोचलं नाही, ती जागा वाळली. तिथून पायाला जो हुकूम जायचा, तो आता पोचत नाही."

"मग आता वो?"

"तुमच्या डोंगरात दरड पडून वाट बुजली, तर शेळ्या काय करतात?"

"दुसऱ्या अंगानं जात्यात."

"पहिल्या दिवशी वाट दिसते?"

"न्हाई. जाऊन जाऊन पडती."

"मग तसंच. डोक्यातही दुसरी वाट पडते. पण रोज जायला पाहिजे. पाय एकदा हलवून भागत नाही, हजारदा हलवायला लागतो. सगळीच वाट परत पडेल असं मी म्हणत नाही. थोडी पडेल."

आकाराम, हे ऐकलं आणि मला खुर्चीवर बसवेना. जोर-बैठका दुसरं काय आहेत? मी जन्मभर पोरांना हेच सांगत आलो. पण पुढं त्यानं मला झोडपलंच. म्हणाला, "पैलवान, तुम्ही बाईंना बैलासारखं चारलंत आणि दावणीला बांधून ठेवलंत. न वापरलेलं मांस झिजतं. तुमचा एखादा पठ्ठ्या महिनाभर अंथरुणाला खिळला, तर त्याची मांडी राहते का?" मला हे ठाऊक होतं. पण ते तुझ्या आईलाही लागू आहे, हे डोक्यातच आलं नव्हतं.

घरी आल्यावर सुरुवात केली. ओट्याला धरून उभं करायचं, भार डाव्या पायावर द्यायला लावायचं. पण उभी केली की तिचं अंग लाकडासारखं ताठायचं. पडायची भीती. डॉक्टरनं हेही सांगितलं होतं की माणूस भ्यालं की स्नायू आवळतात आणि आवळलेला पाय चालत नाही. "भिऊ नगं," असं मी किती वेळा म्हटलं असेल. अशानं कुणाची भीती गेलीय? माझाच आवाज कापायचा.

त्याच दिवसांत म्हैस व्याली. रेडकू उठायला बघत होतं. मागचे पाय उचलायचं, पुढं तोंडावर आपटायचं, पुन्हा उचलायचं. त्याला ना लाज ना भीती. मी तिथंच थांबलो. तालमीत नवं पोर आलं की आपण त्याला आधी डाव शिकवतो का? आधी पडायला शिकवतो. हनुवटी छातीला, श्वास सोडलेला, अंग सैल. तुलाही असंच शिकवलं होतं. आणि तुझ्या आईला मी शेणानं सारवलेल्या टणक जमिनीवर उभं करून भिऊ नको म्हणत होतो.

दुसऱ्या दिवशी पाटी घेऊन तालमीत गेलो आणि कुस्तीच्या हौद्यातली तांबडी माती भरायला लागलो. ज्ञानू तिथंच होता. माझ्याबरोबर लढून म्हातारा झालेला गडी, त्याच्यापासून काय लपवणार?

"वस्ताद, माती कुठं नेताय?"

"घरी. अंगणात हौदा करतोय."

"कुनासाठी?"

मी सांगितलं. त्यानं कान धरले. "आवं, मारुतीची माती ही. बाईमानसाचा पाय लागायचा न्हाई तिला. गाव काय म्हनंल?"

"गाव येऊन तिला उचलून बसवत असंल तर इचार की गावाला."

त्यानं पाटीला हात लावला नाही. घरी धोंडू होतीच. म्हणाली, "दादा, आता वैनीला लंगोट तेवढा शिवायचा ऱ्हायला." मला वाटलं आता तुझी आई नको म्हणणार. ती बाजेवरून मातीकडं बघत होती. मग म्हणाली, "वन्सं, ह्या मातीचं लंगोट मी उभा जलम धुतलं. तवा कुनी म्हनलं न्हाई, बाईचा हात लागतुया म्हनून."

डॉक्टरला नानासोकडून विचारून घेतलं, मनानं काही केलं नाही. त्यानं कळवलं की तिच्या कंबरेला धोतर बांधा, टोक तुमच्या हातात ठेवा, डाव्या हाताला धरून कधी ओढू नका. आणि मऊ मातीत अनवाणी उभं राहणं चांगलं, तळव्याला जमीन कळते आणि ती खबर डोक्याला जाते.

पहिल्या दिवशी पाटावरून मातीत कलंडायचं होतं, वीतभर उंचीवरून. तिनं मला नाही नाही ते बोलून घेतलं. मी म्हटलं, "साळू, हनुवटी आत." जन्मात कधी तिचं नाव घेतलं नव्हतं, पण वस्ताद म्हणून उभा राहिलो की तोंडात नावच येतं. ती इतकी चकित झाली की अंग सैल सोडून पडली. पडली आणि काही झालं नाही. मातीत पडल्या पडल्या म्हणाली, "एवढंच हुतं व्हय?"

त्यानंतर अंग ताठणं कमी होत गेलं. पाटावरून, मग गुडघ्यांवरून, मग उभ्यानं. पडायचं, उजव्या कोपरावर वळायचं, गुडघा घ्यायचा, डावा पाय ओढून खाली रोवायचा. पोटरी हळूहळू भरायला लागली. मी रोज दाबून बघतो, ती हात झटकते. "म्हस इकत घेताय का?" म्हणते. ज्ञानू एका सकाळी आला तो डोक्यावर पाटी घेऊनच. माती चाळलेली, हळद-ताक घातलेली. "पयल्या मातीत खडं हुतं, वैनीला टोचत असत्याल," एवढंच बोलला आणि ओतून गेला.

आणि आज सकाळी. मी म्हशीला पेंड घालत होतो, तर ती मला न विचारता हौद्यात शिरली आणि पडली. मी ओरडत धावलो. "थांबा," म्हणाली. कोपर, गुडघा, डावा पाय. पाय लटलट कापत होता. मग कमरेतून वर आली, आणि उभी. मातीनं माखलेली, पदर खांद्यावरून पडलेला. म्हणाली, "आता लिवा त्याला. पडल्याचं, आजाराचं लिवू नका. म्हनावं, आई उभी हाय."

मी तिच्या सांगण्याबाहेर बरंच लिहिलं. अजून थोडं लिहितो. तिनं सांगितलंय की तुला सही करू द्यावी. "तीन वर्सं ऱ्हाऊ द्या त्याला, तवर मी चालायला लागते, मग बघू दे." हे मी तुला कळवावं असं तिचं म्हणणं. कळवलं.

पण तिला एक गोष्ट ठाऊक नाही. सांगलीत डॉक्टरनं मला बाहेर व्हरांड्यात नेलं होतं. म्हणाला, मेहनत करा, फळ मिळेल. पण एकदा असं झालं की दुसऱ्यांदा होण्याचा संभव असतो. कधी ते कुणी सांगू शकत नाही. वर्षानं, दहा वर्षांनी, उद्या. आणि तेव्हा मेहनतीला जागा राहील असं नाही. हे मी धोंडूला बोललो नाही, ज्ञानूला बोललो नाही. गेले दोन महिने तिच्याकडून मेहनत करून घेताना, ती हसताना, हेच माझ्या डोक्यात फिरत असतं. तुझ्या पत्राला उत्तर देता आलं नाही ते यामुळं. तिचा शब्द पाळला तर तुला ये म्हणता येत नव्हतं, आणि राहा असं माझ्या हातून लिहवेना.

आज ती उभी आहे. बाळा, आज आहे म्हणून तू ये. सही करू नकोस. साहेबाला माझं नाव सांग, म्हातारा बाप ऐकत नाही म्हण.

आणि येण्याआधी कोणत्या दिवशी, कोणत्या गाडीनं कोरेगावला उतरतोस ते कळव. ती उभी राहते ती फार वेळ नाही. पाय कापायला लागला की टेकावं लागतं. तू अंगणात येशील तेव्हा तिला उभ्यानं तुला बघायचंय. न कळवता आलास तर ती बसलेली सापडेल, आणि मग तुम्हा दोघांनाही माझ्याच्यानं तोंड दाखवता येणार नाही. पत्राला दिवस लागतील असं वाटलं तर तार कर. पण लवकर कर, मी आता रोज टपालाच्या वेळी स्टेशनवर जाऊन बसणार आहे.

तुझ्या आईचा वस्ताद,
आबा